भरल्या पोटाचा मासा

पुट-इन-बे, ईरी सरोवर : जून १९३०

सूर्य टेकायला आलाय. तुम्ही एका लाकडी होडीत बसला आहात आणि समोरचा म्हातारा वल्ही मारता मारता तुमच्याकडे न बघता पाण्याकडे बघतोय. मागे गावचा धक्का, धक्क्यामागे पेरी स्मारकाचा ३५२ फूट उंच दगडी स्तंभ. बंदरातच गिब्राल्टर नावाचं चिमुकलं बेट आहे. पाच वर्षांपूर्वी ते ओहायो स्टेट विद्यापीठाला देणगीत मिळालं, आणि आता तिथे सरोवराचा अभ्यास करणारी स्टोन प्रयोगशाळा चालते. वारा पडलाय. हवेत दमटपणा आहे, अंगाला शर्ट चिकटतोय.

म्हातारा वल्ही आत घेतो. "इथे खाली गाळ आहे," तो उजव्या हाताने दाखवतो, "आणि तिकडे खडक. मासा दोन्हींच्या सीमेवर उभा असतो."

उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांत ईरी सर्वांत उथळ, आणि तुम्ही आहात तो पश्चिमेचा भाग तर त्यातही उथळ. सरासरी खोली २४ फूट. पाणी लवकर तापतं, उन्हाळ्यात सगळंच भराभर वाढतं. तुमच्या हातात बांबूची काठी आहे, दोरीच्या टोकाला शिशाचा तुकडा, मग एक फिरतं पितळी पातं आणि त्यामागच्या गळाला अख्खं गांडूळ. शिसं तळाला टेकू द्यायचं, हातभर वर घ्यायचं आणि होडी वाहील तसं वाहू द्यायचं. बाकी कसब म्हणजे गप्प बसणं.

दोरी जड होते. झटका नाही, हिसका नाही. कोणीतरी खालून धरून ठेवल्यासारखी नुसती जड. "थांबा," म्हातारा म्हणतो. तुम्ही थांबता. मग काठीचं टोक दोनदा खाली झुकतं, आणि तुम्ही ओढता. वर येतो तो अंगाने लांबट, पाठीवर शेवाळी, कुशीला सोनेरी, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका असलेला मासा. हाच वॉलाय. इथली माणसं त्याला पिकरेल म्हणतात. त्याचा डोळा बघा. मोठा, दुधाळ, कुठे बघतोय ते न कळणारा. डोळ्याच्या मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे डोळ्यात शिरलेला उजेड त्याला दोनदा वापरता येतो. संधिप्रकाशात, गढूळ पाण्यात, जिथे बाकीचे मासे चाचपडतात तिथे वॉलाय शिकार करतो. म्हणूनच म्हाताऱ्याने तुम्हाला दुपारी न आणता या वेळी आणलं.

अर्ध्या तासात चार मासे होडीत येतात. मग सूर्य बुडतो, आणि पाण्यावर काहीतरी हलतं.

वाका. नाक पाण्याला लागेल इतके वाका. बोटाच्या पेराएवढं एक तपकिरी पिल्लू तळातून पोहत वर आलंय. पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे कल्ले, मागे तीन शेपट्या. ते पृष्ठभागाला टेकतं आणि त्याची पाठ मधोमध उकलते. त्या फटीतून आधी छाती येते, मग डोकं, मग ओले पंख. पंख उभे राहतात, शेवटी पोट कातीतून ओढलं जातं, आता शेपट्या दोनच. पाण्यावर रिकामी कात तरंगत राहते आणि तिच्याशेजारी एक मेफ्लाय, धुरकट पंख ताठ करून, उडण्याआधी एक श्वासभर बसलेली. ती उडते. तिच्याजागी दुसरी येते. मग दहा. मग मोजता येत नाहीत.

हिचं नाव हेक्साजेनिया. गाळात इंग्रजी यू अक्षरासारखं बीळ करून तिचं पिल्लू दोन वर्षं राहतं. कल्ले हलवून बिळातून पाणी खेळवतं, गाळातलं सेंद्रिय कुजकं खातं, वाढतं, कात टाकतं. जूनच्या अखेरीस एका ऊबदार, शांत संध्याकाळी एकदम सगळी वर येतात. पंख आल्यावर तिला खाता येत नाही. तोंड निकामी असतं, अन्ननलिकेत हवा भरलेली. ती किनाऱ्यावरच्या झाडावर रात्र काढते, दुसऱ्या दिवशी आणखी एकदा कात टाकून काचेसारख्या पंखांची होते, संध्याकाळी हवेत जोडीदार गाठते, पाण्यावर हजारो अंडी सोडते आणि मरते. पंखांवरचं आयुष्य दीड-दोन दिवसांचं.

आता दोरी पुन्हा सोडा. दहा मिनिटं. वीस मिनिटं. काहीच नाही. खाली मासे आहेत. होडीभोवती पाणी फुटतंय, मधूनच एखादी शेपटी वळताना ऐकू येते. पण तुमच्या गांडुळाकडे कोणी ढुंकून बघत नाही. गाळातून निघालेलं प्रत्येक पिल्लू पृष्ठभागापर्यंतचे पंचवीस फूट उघड्यावर पोहत जातं, आणि वॉलायला तोंड उघडण्यापलीकडे काही करावं लागत नाही.

म्हातारा दोरी गुंडाळतो. वैतागलेला अजिबात दिसत नाही. "पोट भरलं त्यांचं," तो म्हणतो. "भरू दे."

धक्क्यावर परतता तेव्हा दिव्यांचे खांब दिसत नाहीत, नुसते हलणारे गोळे दिसतात. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंख फुटलेली वाळवी येते, तिची शंभर गावांची रात्र इथे एका धक्क्यावर उतरली आहे असं समजा. पायाखाली कुरकुर वाजतं. टोपीवर, कॉलरमध्ये, भुवयांवर किडे. चावत नाहीत, काही करत नाहीत, नुसते चिकटतात. सकाळी फावड्याने ओढून ढीग करावे लागतील आणि दुपारपर्यंत त्या ढिगांना सडक्या माशांचा वास सुटेल. गिब्राल्टरवरच्या शास्त्रज्ञांच्या हिशेबात याच सुमारास पश्चिम ईरीच्या तळाशी चौरस मीटरमागे सुमारे ४०० पिल्लं आहेत. एका पलंगाएवढ्या गाळात आठशे.

त्याच पाण्यात : सप्टेंबर १९५३

तेवीस वर्षं पुढे. होडीऐवजी आता तुम्ही संशोधन नौकेच्या मागच्या बाजूला उभे आहात. ऑगस्टअखेर उष्णतेची लाट येऊन गेली आहे. कितीतरी दिवस वारा नव्हता. शेजारी ओहायो स्टेट विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ एन. विल्सन ब्रिट उभे आहेत.

दोरीवरून एक लोखंडी पेटी खाली जाते, तळाला टेकल्यावर तिचा जबडा मिटतो आणि ती गाळाचा घास घेऊन वर येते. गाळ चाळणीत ओततात. वरून पाणी मारतात. काळा चिखल धुऊन जातो आणि जाळीवर पिल्लं उरतात.

ती हलत नाहीत.

नीट बघा. कल्ले पोटाला चिकटलेले. अंग मऊ पडलेलं, काहींचा रंग उतरलेला, काही बोट लावताच फाटतात. पुढच्या ठिकाणी पेटी टाकतात. तेच. त्याच्या पुढच्या ठिकाणीही तेच. वर पाणी निळं आहे, गल पक्षी उडत आहेत, बेटांवर सुट्टी घालवून परतणाऱ्या लोकांची शेवटची बोट निघाली आहे. सरोवराला काही झालंय हे फक्त या चाळणीवर दिसतंय.

जे झालं ते असं. एवढ्या उथळ पाण्याला वारा एरवी वरपासून खालपर्यंत ढवळत राहतो, आणि त्या ढवळण्यातून हवेतला प्राणवायू तळापर्यंत पोचतो. वारा पडला, वरचं पाणी तापून हलकं झालं, खालचं थंड आणि जड राहिलं. दोन थर झाले आणि मधला व्यवहार थांबला. हे पूर्वीही कधीमधी झालं असेल. पण तेव्हा तळाकडे शिल्लक प्राणवायू होता. आता तो नव्हता. डेट्रॉइट, टोलेडोचं सांडपाणी आणि शेतांतला फॉस्फरस वर्षानुवर्षं सरोवरात येत होता. फॉस्फरसवर शेवाळ माजतं, शेवाळ मरून तळाला बसतं, आणि ते कुजवणारे जिवाणू तळाचा प्राणवायू ओढून घेतात. वारा थांबलेल्या त्या थोड्या दिवसांत बिळातलं प्रत्येक पिल्लू कल्ले हलवत राहिलं आणि त्याच्या बिळातून खेळणाऱ्या पाण्यात श्वासाला काही उरलं नव्हतं.

ब्रिट यांचा निबंध १९५५ मध्ये 'इकॉलॉजी' नियतकालिकात छापून येईल. त्यातला मजकूर शांत, मोजका आहे. तुम्ही मात्र इथे उभे आहात, म्हणून चाळणी हातात घ्या. गुदमरून मेलेला तळ असा दिसतो.

सँडस्की, ओहायो : जून १९६१

रात्रीचे दहा. बंदराजवळच्या रस्त्यावर दिवा जळतोय. त्याच्याखाली उभे राहा.

काच स्वच्छ आहे. खांब स्वच्छ आहे. मोटारींच्या काचा, दुकानांच्या पाट्या, पायाखालचा रस्ता, सगळं स्वच्छ. दोन पतंग आणि एक डास. जूनचा शेवटचा आठवडा, ऊबदार रात्र, वारा नाही. हेक्साजेनिया येण्याची हीच वेळ. ती येत नाही.

गावात कोणी रडत नाहीये. फावडी अडगळीत गेली, दुर्गंधी गेली, पुलांवर मोटारी घसरायच्या थांबल्या. कित्येकांना वाटतं, बरं झालं, एक उपद्रव टळला. तुम्ही त्यांना १९५३ ची ती चाळणी दाखवू शकत नाही, आणि दाखवलीत तरी ती गाळातल्या अळ्यांची चाळणी. त्यासाठी कोण थांबणार?

मासळीच्या वखारीत चला. तिथे कळतं. इथे एकेकाळी ब्लू पाईक नावाचा निळसर करडा मासा यायचा, वॉलायचाच सख्खा नातलग. सरोवराच्या मधल्या आणि पूर्वेकडच्या खोल पाण्यातून तो वर्षाला लाखो पौंडांनी निघत असे. १९५८ च्या सुमारास तो जाळ्यात यायचा जवळजवळ थांबला. अतोनात मासेमारी आणि खालून प्राणवायू कमी होत जाणारं पाणी, दोन्हीकडून तो कोंडला. १९८३ मध्ये अमेरिकी सरकार तो नामशेष झाल्याचं जाहीर करेल. वॉलायचीही उतरती कळा लागली आहे. १९५६ पर्यंत चढत गेलेला आकडा त्यानंतर कोसळला.

मासा संपला की वखारीत ओरड होते. कीड संपली तेव्हा दिव्याखाली कोणी उभंही नव्हतं. मासा संपायच्या आधीच मिळालेली ती सूचना होती.

१९६९ ते १९७२

इथून भराभर चालू. २२ जून १९६९ ला क्लीव्हलंडमधून वाहत ईरीला मिळणाऱ्या कायाहोगा नदीवरचं तेल पेट घेतं. आग अर्ध्या तासात विझते, पण तिची बातमी देशभर जाते. १९७० मध्ये नॉर्वाल्ड फिम्राइट हा कॅनडात शिकणारा नॉर्वेजियन विद्यार्थी सेंट क्लेअर सरोवराच्या माशांत पारा दाखवून देतो. कारखान्यांनी सोडलेला पारा प्रवाहाबरोबर ईरीपर्यंत पोचलेला आहे. वॉलायची मासेमारी बंद होते. ज्या माशाला जाळ्यापासून कोणी वाचवू शकलं नाही, त्याला त्याच्या मांसातल्या विषाने काही काळ वाचवलं.

१५ एप्रिल १९७२. ओटावा. एका टेबलाशी रिचर्ड निक्सन आणि पिएर ट्रूडो बसले आहेत. महासरोवरांच्या पाण्याबद्दलच्या करारावर दोन्ही देश सही करतात. सांडपाणी शुद्ध करायचं, डिटर्जंटमधला फॉस्फरस कमी करायचा, सरोवरात वर्षाला किती टन फॉस्फरस जाईल याला मर्यादा घालायची. त्याच वर्षी अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा होतो. १९७६ पासून वॉलाय किती पकडायचा याचा कोटा काठावरची राज्यं आणि ओंटारिओ मिळून ठरवू लागतात.

हे सगळं कंटाळवाणं आहे हे मला ठाऊक आहे. पाइप, टाक्या, टनांचे तक्ते, बैठकांची इतिवृत्तं. पण या प्रवासात ज्या ज्या ठिकाणी मी तुम्हाला नेलं, त्यातलं सगळ्यात सुंदर ठिकाण हेच. मेलेलं म्हणून सोडून दिलेलं एक सरोवर वाचवायचं असं माणसांनी ठरवलं, आणि ते ठरवणं सांडपाण्याच्या नळीच्या तोंडापर्यंत नेलं.

१९७१ मध्ये आलेल्या डॉ. स्यूस यांच्या 'द लोरॅक्स' या मुलांच्या पुस्तकात ईरीच्या दुर्दशेचा उल्लेख होता. ऐंशीच्या दशकात ओहायोतल्या दोन तरुण संशोधकांनी लेखकाला कळवलं की सरोवर आता सावरतंय. स्यूस यांनी तो उल्लेख पुढच्या आवृत्त्यांतून काढून टाकला.

पोर्ट क्लिंटन, ओहायो : जून १९९५

वॉलाय आधी परतला. ऐंशीच्या दशकापासून पोर्ट क्लिंटनच्या धक्क्यांवर भाड्याच्या मासेमारी बोटींची रांग लागते आणि गाव स्वतःला वॉलायची राजधानी म्हणवतं. कीड मात्र आलेली नव्हती. मासे पकडणं थांबवलं की मासे वाढतात. तळाचा श्वास परत यायला जास्त वर्षं लागतात. साचलेलं कुजकं संपावं लागतं, दर उन्हाळ्यात प्राणवायू टिकावा लागतो, आणि सलग दोन वर्षं टिकावा लागतो, कारण पिल्लाला दोन वर्षं लागतात. त्यातला एक वाईट आठवडा सगळं पुसून टाकतो.

आज संध्याकाळी तुम्ही पोर्टेज नदीच्या मुखाशी उभे आहात. एका पेट्रोलपंपावर विशीतला पोरगा काचेवर बसलेल्या किड्यांकडे बघून विचारतोय, हे काय आहे? त्याच्या आयुष्यात त्याने हे पाहिलेलं नाही. मागे उभ्या असलेल्या एका आजींनी पाहिलंय. त्या एक मेफ्लाय पंखांनी चिमटीत धरतात, त्याच्या तळहातावर ठेवतात आणि सांगतात, "माझ्या लहानपणी हे फावड्याने काढायचो."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून असं होतंय. टिफिन गावच्या हायडेलबर्ग कॉलेजातले केनेथ क्रीगर आणि त्यांचे सहकारी गाळाचे नमुने काढत आहेत, आणि त्या नमुन्यांत पुन्हा बिळं सापडत आहेत. गाळाच्या पेटीचं तेच काम, चाळणीवर तेच पाणी. फक्त जाळीवरची पिल्लं वळवळत आहेत. चाळीस वर्षांनी.

आजी काचेवरचे किडे झटकत नाहीत. तुम्हीही झटकू नका.

टोलेडो : २ ऑगस्ट २०१४

एक थांबा घ्यावाच लागेल. पहाटे महापालिकेचा इशारा येतो: नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका. उकळलं तर विष आणखी दाट होईल. सरोवरातून पाणी ओढणाऱ्या केंद्राजवळ निळ्या-हिरव्या जिवाणूंचा हिरवट सायीसारखा थर आहे आणि त्यातलं मायक्रोसिस्टिन नावाचं विष शुद्धीकरणातून निसटलं आहे. चार लाखांहून अधिक माणसं तीन दिवस बाटलीबंद पाण्यासाठी रांगेत.

फॉस्फरस परतला आहे. या वेळी तो मुख्यतः मॉमी नदीच्या खोऱ्यातल्या मका-सोयाबीनच्या शेतांतून येतो. या खोऱ्याचा मोठा भाग म्हणजे एकोणिसाव्या शतकात पाणी काढून शेतीखाली आणलेली एक अफाट दलदल. जमिनीखाली नळ्या घातलेल्या आहेत. वसंतातला पाऊस खत विरघळवतो आणि नळ्यांतून थेट ओढ्यात, ओढ्यातून नदीत, नदीतून सरोवरात. एका नळीच्या तोंडाशी टाकी बांधून हे थांबत नाही. हजारो शेतांत, हजारो माणसांना वेगळं वागावं लागतं.

बेटांच्या पूर्वेला : यंदाचा जून

आता आजच्या बोटीवर या. सकाळचे पावणेसहा, चोवीस फूट पाणी. कॅप्टन पन्नाशीतली बाई आहे, वडिलांकडून बोट आणि परवाना दोन्ही आलेले. काल रात्री इथे मेफ्लायचा मोठा उठाव झाला. हवामान खात्याच्या रडारवर सूर्यास्तानंतर सरोवरातून एक ढग उठला, वाऱ्याबरोबर किनाऱ्याकडे सरकला, आणि त्यात पावसाचा एक थेंब नव्हता. संशोधकांनी अशाच रडारच्या नोंदींवरून या किड्यांचा हिशेब मांडला, आणि एका उठावात ८० अब्जांहून अधिक कीटक असू शकतात असं निघालं. त्याच हिशेबाने असंही दाखवलं की २०१५ ते २०१९ या काळात पश्चिम ईरीवरचे हे ढग ८४ टक्क्यांनी आटले. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं.

बोटीच्या कठड्यावर रात्रीच्या किड्यांचा थर आहे. पाण्यावर काती तरंगत आहेत, लांबच लांब तपकिरी पट्टे. कॅप्टन त्या पट्ट्यांकडे बघून बोट वळवते आणि त्यांच्यापासून दूर नेते.

"तिथे मासे नाहीत?" तुम्ही विचारता.

"तिथेच आहेत. पण जेवलेले आहेत."

पडद्यावर सोनारची रेघ दिसते. तळाजवळ धूसर ठिपके, मधल्या पाण्यात कमानी. कमानी म्हणजे मासे. ती अशी जागा शोधतेय जिथे काल उठाव नव्हता किंवा हलका होता. गाळ संपून खडक सुरू होतो अशी कड. म्हातारा म्हणाला होता तीच. नव्वदहून अधिक वर्षांत बोटीला इंजिन आलं, पडदा आला, बांबूच्या जागी ग्राफाइट आलं. माशाची उभं राहायची जागा बदलली नाही.

तंगूसाला तळाशी शिशाचं वजन, त्यामागे चार-पाच मणी, तांबूस पातं आणि दोन गळांवर पसरून लावलेलं गांडूळ. एरवी ती ताशी दोन मैलांच्या पुढे बोट चालवते आणि मोठी चमच्यासारखी आमिषं ओढते. आज ताशी एक मैलाच्या जेमतेम वर. पातंही लहान. "भुकेला मासा पाठलाग करतो," ती सांगते. "भरल्या पोटाचा मासा समोर आलेलं उचलतो. म्हणून अगदी समोर न्यायचं, अगदी हळू." उठावाच्या दिवसांत पहाटेचा तास-दीड तास बरा, कारण रात्रीचं थोडं पचलेलं असतं. नंतर ऊन चढलं की मासा खाली बसतो आणि आज संध्याकाळच्या पंगतीची वाट बघतो.

पहिला तास रिकामा. शेजारच्या बोटीवरून कोणीतरी हात हलवून खांदे उडवतो. त्यांचंही तेच.

मग काठी जड होते. तुम्हाला ही जडता आठवते. थांबा. टोक दोनदा झुकलं की ओढा. खाली डोकं झटकतंय, सावकाश, भारी झटके. मासा वर येतो तेव्हा पाण्यातून आधी डोळा दिसतो. जाळी खाली जाते. हात सांभाळा, पाठीच्या पहिल्या परावर काटे आहेत आणि कल्ल्याच्या झाकणाची कड बोट कापते. पट्टीवर मोजा. ओहायोच्या हद्दीत पंधरा इंचांच्या आतला सोडायचा, आणि माणशी दिवसाला सहा हीच मर्यादा. हा एकोणीस आहे. ठेवा.

नऊ वाजेपर्यंत तुम्हा दोघांचे मिळून तीन. कॅप्टन दोऱ्या गुंडाळते.

धक्क्यावर मासे साफ करायची शेड आहे. तिथला माणूस सरावाच्या हाताने दोन्ही बाजूंचं मांस कापून काढतो. सांगाडा कचऱ्यात जाणार, तेवढ्यात कॅप्टन त्याला थांबवते, पोटाची पिशवी सुरीच्या टोकाने चिरते आणि टेबलावर उलटी करते.

पिल्लं. एकात एक गुंतून घट्ट गोळा झालेली. वरची अजून पूर्ण आहेत, पाय शाबूत, तीन शेपट्या शाबूत, कल्ल्यांच्या झालरी ओल्या होऊन पोटाला चिकटलेल्या. पाठीवरचे पंखकोश काळे पडलेले. कोश काळा पडला म्हणजे उठावाची वेळ आली. ही सगळी काल रात्री उडणार होती. खालच्या थरातली अर्धी विरघळली आहेत, तपकिरी लगदा, त्यात काळे ठिपके. एवढं भरलेलं पोट घेऊन हा मासा तुमच्या गांडुळापर्यंत आला. इतर आले नाहीत. ते का यावेत?

तुम्हाला इथवर आणलं ते हे टेबल दाखवायला. उठावाच्या दिवसांत ईरीवर मासेमारी अवघड होते. दरवर्षी जूनच्या शेवटी धक्क्यावर हीच कुरकुर ऐकू येते: चावत नाहीत, किड्यांनी वाट लावली, पुढच्या आठवड्यात या. आणि १९६१ च्या जूनमध्ये गळाशी स्पर्धा करणारं असं काहीच उरलेलं नव्हतं. सरोवराचा गाळ माशाला ही पंगत वाढू शकत नव्हता. तुमचा रिकामा गळ सांगतो की तळाशी गाळात श्वास चालू आहे. तेवढी किंमत मी आनंदाने मोजेन, आणि तुम्हीही मोजावी असं मला मनापासून वाटतं.

पुढचा मुक्काम

आज संध्याकाळी काचेसारख्या पंखांच्या माद्या या पाण्यावर अंडी सोडतील. ती तळाला बसतील. त्यांतून निघालेल्यांपैकी जगलेली बहुतेक पिल्लं दोन वर्षांनी, जूनच्या एका शांत संध्याकाळी वर येतील. तिथे तुम्हाला नेणं माझ्या हातात नाही. मागच्या सगळ्या तारखा घडून गेल्या होत्या. ही अजून घडायची आहे.

तिच्याआधी दोन उन्हाळे आहेत आणि दोन वसंत. २०१५ मध्ये ओहायो, मिशिगन आणि ओंटारिओ यांनी ठरवलं होतं की पश्चिम ईरीत येणारा फॉस्फरस २०२५ पर्यंत ४० टक्क्यांनी कमी करायचा. ते वेळेत झालेलं नाही. काय करायचं ते ठाऊक आहे: खत मातीच्या वर फेकण्याऐवजी आत पेरायचं, पावसाच्या तोंडावर घालायचं नाही, शेताच्या कडेला पाणथळीचे पट्टे परत आणायचे, जनावरांच्या खताचा हिशेब ठेवायचा. १९७२ साली जे कारखान्यांना आणि शहरांना सांगता आलं, ते आता शेतांना सांगायचं आहे, आणि शेतकऱ्याला त्याचा खर्च एकट्याने उचलावा लागू नये अशी व्यवस्था करायची आहे. एकदा हे सरोवर परत आणलं गेलं. पुन्हा आणता येईल असं म्हणायला आपल्याकडे यापेक्षा मोठा पुरावा असू शकत नाही.

दोन वर्षांनी पोर्ट क्लिंटनला गेलात, तर आधी गावच्या दिव्यांखाली बघा. तिथे झाडू आणि फावडी चालू असतील, तर त्या दिवशी मासा लागण्याची आशा कमी ठेवा. आणि झाडणाऱ्या माणसाला थोडी मदत करा.